मजल कोणाची? गुलाम रसूल गलवान यांच्या आत्मकथनाच्या निमित्ताने

१

'मजल दरमजल करीत' असे आपण मराठीत सहज लिहून जातो. त्यातली मजल म्हणजे मूळची मंजिल. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा, आणि ओघाने एका मुक्कामापासून पुढच्या मुक्कामापर्यंतची एका दिवसाची वाट. 'मुक्काम' आणि 'कूच' हे त्याचेच सोबती. कुरआनचे पठण सात दिवसांत पूर्ण व्हावे म्हणून केलेल्या सात भागांनाही मंजिलच म्हणतात. मुसाफिर कोणाला म्हणावे आणि नमाजात कसर कधी करावी हे ठरवताना हनफी फुकहांनी आधार धरला तो तीन दिवसांच्या वाटचालीचा. मैलांचे आणि किलोमीटरांचे आकडे त्यावरून पुढे काढले गेले. अंतर मोजण्याचे हे जुने माप चालणाऱ्याच्या पायांवर बेतलेले होते.

हिमालयावरील प्रवासवर्णनांचा सांगाडाही याच मजलीवर उभा असतो. पहाटे निघायचे, नदीच्या कडेने चालायचे, उतार सापडेल तिथे पलीकडे जायचे, संध्याकाळी पुढचे गाव गाठायचे. अशा वीस-तीस दिवसांची एक माळ झाली की पुस्तक तयार होते. परंतु ही मजल लिहिणारा आणि ओझे घेऊन ती चालणारा हे बहुधा दोन वेगळे इसम असतात. तीर्थयात्रेची परंपरा थोडी वेगळी, कारण तिथे यात्रेकरू निदान स्वतःच्या पायांनी जातो. साहेबी सफरीत मात्र लिहिणारा घोड्यावर असतो, आणि त्याचा तंबू, पेटारे, शिधा, खुर्ची, कागद आणि शाईची दौत दुसऱ्याच्या पाठीवर. हा दुसरा पुस्तकात येतो तो आकडा होऊन: इतके हमाल, इतकी तट्टे, इतके दिवस, इतका खर्च. फार झाले तर 'आमचा विश्वासू नोकर' म्हणून एका वाक्यापुरता.

त्या आकड्यातल्याच एकाने लेखणी हातात घेतली तर त्याच वाटेवरचा तोच दिवस कसा दिसेल? या प्रश्नाला उत्तर देणारे एक पुस्तक १९२३ साली इंग्लंडातील केंब्रिज येथे छापले गेले. त्याचे नाव 'सर्व्हंट ऑफ साहिब्स', म्हणजे साहेबांचा नोकर. लेखक गुलाम रसूल गलवान, राहणार लेह, लडाख. इतिहासाचे आणि गिर्यारोहणाचे अभ्यासक हे पुस्तक चाळतात ते एखाद्या साहेबाच्या मोहिमेची माहिती मिळावी म्हणून. साहित्य म्हणून, एका माणसाने स्वतःच्या आयुष्याविषयी केलेले लेखन म्हणून, त्याच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. ते तसे पाहिले जावे, आणि मराठी मुस्लिम वाचकाने तर आवर्जून पाहावे, असे मला वाटते. त्याची कारणे या लेखात मांडतो.

२

गलवान हे नाव आज प्रत्येक भारतीयाच्या कानावरून गेलेले आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवान शहीद झाले, आणि महिनाभर हा शब्द दूरचित्रवाणीवर घुमत राहिला. ही नदी श्योकला मिळते, श्योक सिंधूला. नदीला हे नाव ज्यांच्यावरून पडले ते लेहचे एक मुसलमान काफिलेवाले होते, ही गोष्ट त्या गदारोळात काही वृत्तपत्रांनी चौकटीत छापली आणि पुढे विषय संपला. १८९० च्या दशकात एका मोहिमेची वाट डोंगरांत अडली असता तरुण रसूल यांनी नदीकाठाने मार्ग शोधून दिला, अशी हकिकत सांगितली जाते. साल आणि साहेब कोणता याबद्दल सांगणाऱ्यांत फरक आहेत. नकाशावर साहेबांची नावे उदंड आहेत; नोकराचे नाव लाभलेली नदी मात्र विरळाच.

पण या नावाचा दुसरा पदर अधिक बोलका आहे. कश्मीरात गलवान ही घोडे राखणाऱ्यांची जमात. त्यांच्यावर पुढे घोडेचोरीचा शिक्का बसला आणि लोकांच्या तोंडी गलवान म्हणजे लुटारू असाच अर्थ रूढ झाला. गुलाम रसूल यांच्या पुस्तकात त्यांच्या अशाच एका पूर्वजाची कथा येते. काला म्हणजे 'कारा' गलवान म्हणून तो प्रसिद्ध होता; श्रीमंतांना लुटायचा, आणि शेवटी राजसत्तेने त्याला फासावर चढवले. लेखक ही कथा झाकून ठेवत नाहीत. आडनाव बदलावे असेही त्यांच्या मनात आलेले दिसत नाही.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले तेव्हा जमातीवर मारलेला चोरीचा शिक्का हाच पुस्तकाचा मथळा करण्याचे धाडस मराठी वाचकाने पाहिले. त्याआधी १९७८ साली दया पवारांच्या 'बलुतं'ने आत्मकथन हा प्रकारच हलवून सोडला होता. गलवान यांच्या लिखाणात या पुस्तकांतला विद्रोह नाही, आणि तो तिथे शोधूही नये. पण जे नाव इतरांनी तुच्छतेने दिले ते आपले म्हणून मिरवायचे आणि त्याखाली आपली गोष्ट सांगायची, ही कृती त्यांनी साठेक वर्षे आधी लेहमध्ये बसून केली होती.

गलवान यांचा जन्म १८७८ च्या आसपासचा, लेहमधल्या गरीब घरातला. पोरवयातच ते साहेबांच्या काफिल्यांबरोबर निघाले. यंगहजबंड, लॉर्ड डनमोर, लिटलडेल अशा नामांकित प्रवाशांच्या सफरींत त्यांनी ओझी वाहिली, घोडे सांभाळले, स्वयंपाक केला, पुढे कारवाँबाशी झाले. अखेरीस ते लेहचे अक्सकाल झाले. तुर्की भाषेत अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, वडीलधारा. मध्य आशियाच्या व्यापारावर देखरेख करण्यासाठी १८७० च्या करारानुसार लेहमध्ये जॉइंट कमिशनर नेमला जात असे, आणि त्याच्या हाताखाली व्यापाऱ्यांची व काफिल्यांची व्यवस्था पाहणारा हा मुख्य देशी कारभारी. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक छापलेले पाहायला मिळाले ते जेमतेम दोन वर्षे.

३

आता एक मजल डोळ्यांसमोर आणू. लेहहून यारकंदला जाणारा काफिला खारदुंग खिंड ओलांडून श्योकच्या खोऱ्यात उतरे. श्योक पार केली की सियाचीन हिमनदीतून निघालेल्या नुब्रा नदीच्या पूर्वेकडच्या काठाने वाट उत्तरेला जाई. तिरित, सुमूर, तेगर आणि पनामिक ही त्या वाटेवरची गावे. तिरितहून निघून पनामिक गाठायचे म्हणजे एक लांबलचक दिवस.

हे खोरे दहा हजार फुटांच्या आसपास आहे. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर. मध्ये वाळू, गोटे आणि अनेक धारांत फुटलेली नदी. जिथे डोंगरातून एखादा ओढा खाली येतो तिथे त्याने आणलेल्या गाळाचा पंखा पसरलेला असतो, आणि त्या पंख्यावर गाव. जवाची हिरवी शेते, जर्दाळूची झाडे, विलो आणि पॉपलरच्या रांगा, दगडमातीची घरे. गाव संपले की पुन्हा वाळवंट, पिवळ्या आंबट फळांची काटेरी झुडपे, आणि पुन्हा पुढचा हिरवा पंखा. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती आणि चोर्तेन लागतात. तिथून जाताना त्यांना उजव्या हाताला ठेवून जायचे, हा रिवाज तिथे सर्वांनाच ठाऊक असतो.

या दिवसाचे वेळापत्रक नदी ठरवते. हिमनदीचे पाणी उन्हाबरोबर वाढते. सकाळी घोड्याच्या गुडघ्याला लागणारा प्रवाह दुपारनंतर पोटाला लागतो. त्यामुळे उतार असेल तो सकाळीच पार करायचा. त्यासाठी अंधारात उठायचे, घोड्यांची मोजदाद करायची, गारठलेल्या बोटांनी दोर आवळायचे, ओझ्याच्या दोन्ही बाजू समतोल आहेत ना हे पाहायचे. ओझे एका बाजूला कलले तर संध्याकाळपर्यंत जनावराच्या पाठीला जखम होते, आणि जखमी पाठीचे जनावर पुढच्या खिंडींत टिकत नाही. पनामिक हे वाटेवरचे शेवटचे मोठे गाव. गरम पाण्याचे झरे तिथे आहेत. काफिले तिथे काही दिवस थांबून घोड्यांना चारत, कारण पुढे सासेर खिंड आणि मग साडेपाच हजार मीटरांहून उंच काराकोरम. त्या वाटेवर दिशा दाखवायला मेलेल्या जनावरांची हाडे असत.

याच वाटेने चरस, रेशीम आणि नमदे खाली येत. कापड, मसाले आणि नीळ वर जाई. जॅनेट रिझवी यांनी 'ट्रान्स-हिमालयन कॅरव्हान्स' (१९९९) या ग्रंथात या व्यापाराचा आणि त्यात राबणाऱ्या माणसांचा तपशीलवार वेध घेतला आहे. यारकंदकडचे हाजीही हीच वाट धरून हिंदुस्थानात उतरत आणि त्यांतले कित्येक पुढे मुंबई बंदरातून जहाजाने जिद्दाला जात. मुंबईच्या मुसाफिरखान्यांच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या वाचकांना हा धागा ओळखीचा वाटेल. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्तांतर झाले आणि ही वाट बंद पडली. आज नुब्रात हुंदरच्या वाळूवर पर्यटकांना फिरवणारे दोन मदारींचे उंट त्या काफिल्यांची मागे राहिलेली औलाद आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही मजल पुरी होत नाही. वाटेवरच्या गावांनी सरकारी माणसांना आणि परवानाधारक प्रवाशांना आळीपाळीने घोडे आणि हमाल पुरवायचे, अशी सक्ती होती. लडाखीत तिला 'रेस' म्हणजे पाळी म्हणत. आपल्या भाषेत वेठबिगार. पेरणी असो की कापणी, पाळी आली की जावे लागे. एका गावाचे हमाल पुढच्या टप्प्यापर्यंत जात, तिथे ओझे उतरवून परतत, आणि पुढचे गाव ते उचली. साहेबांच्या पुस्तकातली सुरळीत मजल अशी गावागावांच्या पाळीवर चालत होती.

४

या खोऱ्याविषयी मुसलमानांनी लिहिलेले गलवान यांच्या आधीही आहे, आणि ते समोर ठेवल्याशिवाय त्यांचे वेगळेपण कळत नाही. बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुगलात १५३२ मध्ये यारकंदच्या सुलतान सईद खानाच्या फौजेबरोबर काराकोरम ओलांडून नुब्रात उतरला. त्याच्या 'तारीख-ए-रशीदी'त या प्रदेशाचे वर्णन आहे. विरळ हवेत होणाऱ्या आजाराला तो 'दमगिरी' म्हणतो. खुद्द सुलतान परतीच्या वाटेवर त्याच आजाराने दगावला. मिर्झा हैदरचे निरीक्षण तीक्ष्ण आहे, पण ते जिंकायला आलेल्या सरदाराचे आहे. गाव त्याला दिसते ते किल्ला म्हणून आणि रसद म्हणून.

१८१२-१३ मध्ये मीर इज्जतुल्लाह हे मूरक्रॉफ्टचे मुन्शी लेहमार्गे यारकंद आणि बुखाऱ्यापर्यंत जाऊन आले. त्यांची फारसी रोजनिशी मंजिल-दर-मंजिल चालते: मुक्काम कुठे, वस्ती आहे की नाही, पुढची वाट कशी. पुढे येणाऱ्या साहेबाला जे हवे तेच त्यात आहे. १८६३ मध्ये कॅप्टन मॉन्टगोमरीने मुहम्मद-ए-हमीद या मुन्शीला मोजणीची साधने देऊन यारकंदला पाठवले. तारे पाहून अक्षांश आणि उकळत्या पाण्याच्या तापमानावरून उंची, अशी त्यांची नोंद. परतीच्या प्रवासात, लेह फार दूर नसताना, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या वह्या मात्र पोहोचल्या आणि त्यांवरून नकाशा झाला. नैनसिंगांचे नाव शाळेच्या पुस्तकांत येते. त्यांच्या आधी गेलेल्या या मुन्शींचे क्वचितच.

साहेबांच्या बाजूने इसाबेला बर्ड यांचे 'अमंग द तिबेटन्स' (१८९४) घ्या. १८८९ मध्ये त्या नुब्रात गेल्या. श्योकच्या उतारात त्यांचा घोडा कोसळला आणि त्यांची बरगडी मोडली. बाईंचे धैर्य खरे, शैली सुरेख, आणि लोकांविषयी आस्थाही आहे. पण नदीच्या त्या गार पाण्यात उभे राहून त्यांना पलीकडे नेणारी माणसे रोज तेच करतात, याकडे त्यांचे वर्णन फार वेळ थांबत नाही. थांबणार कसे? ती माणसे काय म्हणाली हे समजायला दुभाषा लागत होता.

हे चौघे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. सरदाराने मुलूख पाहिला, मुन्शीने वाट पाहिली, मोजणीदाराने उंची पाहिली, पाहुणीने दृश्य पाहिले. गलवान यांनी माणसे पाहिली, कारण त्यांचा दिवस माणसांशी आणि घोड्यांशी झटण्यातच जात असे.

५

त्यांच्या पुस्तकात निसर्गवर्णन जवळजवळ नाही. हिमशिखरे आहेत ती अडथळा म्हणून. त्याऐवजी काय आहे? संवाद. पानोपानी माणसे एकमेकांशी बोलतात. आज ओझे कोणी कमी उचलले, कोणाला जास्त मजुरी ठरली, कोणी पीठ चोरले, साहेबाचा राग कशाने गेला, घोडा हरवला तेव्हा दोष कोणावर आला, आईने निघताना काय सांगितले. नोकरानोकरांतली भांडणे आणि मानापमान अशा बारकाईने येतात की साहेबाच्या पुस्तकात जी मंडळी एका शब्दात 'आमची माणसे' असतात ती इथे एकेक स्वतंत्र होऊन उभी राहतात. त्यात आळशी आहेत, बढाईखोर आहेत, भित्रे आहेत, आणि दुसऱ्याचे ओझे न बोलता उचलणारेही आहेत.

लिटलडेल यांची १८९५ ची तिबेट मोहीम या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हे साहेब पत्नी, भाचा आणि कुत्र्यासह ल्हासाच्या पन्नासेक मैलांवर पोहोचले आणि तिथून त्यांना परत फिरावे लागले. भूगोलाच्या इतिहासात ही मोहीम म्हणजे मेमसाहेबांच्या आजारपणाची आणि थोडक्यात हुकलेल्या यशाची गोष्ट. गलवान यांच्या नजरेतून ती उपाशी जनावरांची, धास्तावलेल्या नोकरांची आणि पुढे जायचे की नाही हा निर्णय ज्यांच्या हातात नव्हता त्यांची गोष्ट होते. ल्हासा हे नोकरांचे ध्येय नव्हतेच. जिवंत घरी पोहोचणे आणि ठरलेली मजुरी हातात पडणे, एवढेच त्यांचे होते. दोन्ही बाजू ठेवल्या की एकाच मोहिमेचे दोन अर्थ निघतात. यांतला दुसरा अर्थ गलवान यांच्यामुळेच आपल्यापर्यंत आला.

या निवेदनाचा आणखी एक गुण म्हणजे त्यातला श्रमाचा अभिमान. लेखक स्वतःला बिचारे समजत नाहीत. आपण पोरवयात किती चाललो, कोणाहून जास्त वाहिले, कोणत्या अवघड वेळी अक्कल चालवली, हे ते ठासून सांगतात. प्रस्तावना यंगहजबंड यांची आहे आणि त्यांनी या नोकराच्या निष्ठेचे, हसतमुख स्वभावाचे कौतुक केले आहे. प्रस्तावना आणि पुस्तक यांत इथेच अंतर पडते. साहेबाला निष्ठा दिसली. वाचकाला दिसते ती कारागिरी. ओझे बांधणे, वाट ओळखणे, माणसे राखणे हे एक कसब आहे आणि आपण त्यात वाकबगार आहोत, हे गलवान पानोपानी सिद्ध करतात.

६

आता भाषेचा मुद्दा, आणि मला वाटते आपल्या दृष्टीने तोच कळीचा आहे. गलवान यांची बोलायची भाषा लडाखी. तुर्की, उर्दू आणि कश्मीरी वाटेवर शिकलेल्या. इंग्रजी ते शिकले साहेबांबरोबर राहून, आणि पुस्तक लिहिले तेही इंग्रजीतच. रॉबर्ट बॅरेट या अमेरिकन प्रवाशाच्या घरोब्यातून हे लेखन झाले आणि बॅरेटच्या पत्नी कॅथरीन यांनी त्याचे संपादन केले. ही इंग्रजी व्याकरणाला धरून नाही. काळांची सरमिसळ आहे, उपपदे गळलेली आहेत, वाक्ये तुटक आहेत. संपादिकेने ती तशीच राहू दिली. पुस्तकाच्या उपशीर्षकात 'हे मोठ्याने वाचायचे पुस्तक आहे' अशा अर्थाची सूचनाही आहे, आणि ती अगदी योग्य आहे. डोळ्यांनी वाचताना जी भाषा अडखळते ती कानाने ऐकताना सरळ धावू लागते. शेकोटीभोवती कोणी हकिकत सांगावी तशी.

तरीही शंका उरते. भाषा तशीच ठेवणे हा लेखकाचा सन्मान आहे की गंमत? 'पाहा, नेटिव्ह कसा गोड बोलतो' असा सूर त्यामागे असू शकतो. बॅरेट दांपत्याने पुढे १९२७ मध्ये आपल्या लडाखच्या वास्तव्यावर पत्ररूप पुस्तक काढले. त्याच्या लांबलचक शीर्षकात इथल्या लोकांना एका जुन्या लोककथेतली साधीभोळी माणसे म्हटले आहे. गलवान यांचे पुस्तक वाचलेल्या कोणालाही ही माणसे साधीभोळी वाटणार नाहीत. ती हिशेबी आहेत, धूर्त आहेत, विनोदी आहेत. म्हणजे संपादिकेने शब्द राखले, पण त्यामागचा माणूस तिला पुरता दिसला असे म्हणवत नाही.

मराठीत याला समांतर असे एक उदाहरण आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला, तो आपल्या संस्करणासह. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली तेव्हा वाचकांना भटजींचा खरा आवाज ऐकू आला. तिथे संपादकाने भाषा सुधारली, इथे संपादिकेने ती राखली. दोन्हीकडे सामान्य माणसाचे लेखन प्रतिष्ठित माणसाच्या हातातूनच बाहेर यावे लागले.

आपल्या लेखकांना हा पेच नवा नाही. घरात दखनी, मोहल्ल्यात उर्दूमिश्रित बोली, कोकणात कोकणी मुसलमानांची वेगळीच लकब, आणि लिहायचे ते शाळेत शिकलेल्या प्रमाण मराठीत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून हा प्रश्न आपल्यात चर्चिला जातो आहे. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत मुसलमान पात्र मोडकी हिंदी-मराठी बोलते ते प्रेक्षकांनी हसावे म्हणून. त्यामुळे आपल्यातले अनेक लेखक संवादांतसुद्धा बोली टाळतात आणि अम्मीच्या तोंडी पुणेरी वाक्ये घालतात. हसण्याची भीती इतकी की खरा आवाजच पुसला जातो. गलवान यांनी ही भीती बाळगली नाही. अशुद्ध भाषेत ते गंभीर गोष्टी बोलतात, आणि वीस-पंचवीस पाने गेली की वाचक भाषेला हसणे विसरतो. मृत्यू, भूक, अपमान, आईची काळजी, हे सगळे त्या तुटक वाक्यांतून थेट पोहोचते. बोली हास्यासाठीच असते या समजाला इतके सरळ उत्तर दुसरे नाही.

हे पुस्तक मराठीत आणायचे झाले तर अनुवादकाची कसोटी इथेच आहे. शुद्ध, सफाईदार मराठी केली तर गलवान मरतात; मुद्दाम मोडकी केली तर नाटकातला नोकर उभा राहतो. मला वाटते, दखनीच्या लयीत वाढलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसालाच हे काम साधेल, कारण दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून बोलणे म्हणजे काय हे त्याला आतून माहीत असते. दुसरी अडचण संबोधनांची. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम. मराठीत साहेब रसूलला 'तू' म्हणेल, रसूल साहेबाला 'आपण' म्हणेल, वयस्क कारवाँबाशीला 'चाचा' म्हणून 'तुम्ही' म्हणेल, आणि बरोबरीच्या पोराला 'अरे, तू'. म्हणजे इंग्रजीत जी उतरंड लपून राहिली आहे ती मराठीत प्रत्येक वाक्यात उघडी पडेल. मूळ पुस्तकाला या अनुवादातून काही मिळेल ते हेच.

७

गलवान यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. साहेबांची सत्ता कोठून आली हा प्रश्न ते विचारत नाहीत. चांगला साहेब आणि वाईट साहेब एवढाच भेद त्यांच्या जगात आहे. वर चढण्याची त्यांची आकांक्षा तीव्र आहे, आणि ती पुरी झाल्यावर तेच इतरांना हुकूम देणारे होतात. अक्सकाल झालेल्या माणसाला गावांकडून घोडे आणि हमाल मिळवायचे असतात. म्हणजे रेसची पाळी ज्यांच्यावर येते त्यांच्याशी त्यांचे नाते आता पूर्वीचे राहत नाही. तिरितचा जो शेतकरी अर्धवट राहिलेली कापणी सोडून ओझे घेऊन निघाला, त्याने काही लिहिले नाही. पाळीत ओझी वाहणाऱ्या लडाखी बायकांनीही नाही. नोकराचे पुस्तक मिळाले म्हणून त्या वाटेवरचे सगळे आवाज मिळाले असे होत नाही. एकाने लिहिले की त्याच्या मागे उभा असलेला दुसरा दिसू लागतो, आणि तो अजून मुका आहे हेही कळते.

धर्माच्या बाबतीतही हे लेखन समजून घेण्यासारखे आहे. लेहमध्ये कश्मीरी आणि यारकंदी व्यापाऱ्यांनी लडाखी स्त्रियांशी लग्ने केली आणि त्यांच्या संततीतून अरघोन म्हणून ओळखला जाणारा मुस्लिम समाज तयार झाला. काफिल्यांच्या धंद्यात तो पुढे होता. तिथली जामा मशीद सतराव्या शतकातली. अशा गावात वाढलेल्या लेखकाला बौद्ध शेजारी हा चर्चेचा विषय वाटत नाही. काफिल्यात मुसलमान आणि बौद्ध एकाच वाटेवर राबतात आणि प्रसंगी भांडतात. भांडण होते ते पिठावरून, मजुरीवरून, घोड्यावरून. मुसलमान असणे ही त्यांच्या लेखनात सिद्ध करायची बाब नाही. नमाज आणि अल्लाहचे नाव दिवसाच्या कामात सहज येऊन जाते. आपल्याकडे मुस्लिम लेखकाकडून एकतर समाजाचे समर्थन किंवा समाजावर टीका अपेक्षिली जाते. त्या दोन्हींतून मोकळे असलेले हे गद्य आज फार हवेहवेसे वाटते.

८

आज मराठी पर्यटक विमानाने लेहला उतरतात, खारदुंग खिंडीत छायाचित्र काढतात आणि दुपारपर्यंत गाडीने नुब्रात पोहोचतात. दिवाळी अंकांत त्यांची वर्णनेही येतात. उंचीचे आकडे, हॉटेलचे जेवण, ऑक्सिजनची टक्केवारी, आणि 'इथली माणसे किती निरागस' हे एक वाक्य. जुन्या मजलीचे अंतर आता दीड-दोन तासांचे झाले आहे, आणि गाडी चालवणाऱ्याचे, स्वयंपाक करणाऱ्याचे, वाटाड्याचे नाव अजूनही लेखात येत नाही. आला तर 'आमचा ड्रायव्हर'. शंभर वर्षांत वाहन बदलले, वाक्यरचना तीच राहिली.

म्हणून या पुस्तकाचे वाचन ही जुन्या वाटेची हौस नव्हे. प्रवासवर्णन वाचताना काही साधे प्रश्न विचारायची सवय ते लावते. ओझे कोणाकडे आहे? नदीच्या उतारात आधी पाण्यात कोण शिरले? मुक्कामाला पोहोचल्यावर शेवटी कोण जेवले? ज्या लेखात या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत त्या लेखकाने मजल पाहिलेली नाही, फक्त अंतर पाहिले आहे. आणि आपल्यातल्या लिहिणाऱ्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या घरांत ट्रक चालवणारे, बंदरावर माल उतरवणारे, आखातात राबून आलेले, हाजींच्या तांड्याबरोबर सेवक म्हणून गेलेले कितीतरी बुजुर्ग आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर आहे, आणि आपली भाषा बरी नाही म्हणून ते गप्प आहेत. त्यांच्यासमोर वही ठेवावी, आणि ते सांगतील तसेच, त्यांच्याच बोलीत, उतरवून घ्यावे. दुरुस्तीची घाई करू नये.